पुलाच्या मधोमध मामा

मामा वाचले म्हणून आज चहा पिता पिता सांगते. ते सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या गावात राहतात. छातीत कळ आली, आपल्याकडे रामदासपेठेतल्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिकडची ॲम्ब्युलन्स सीमेवरच्या पुलाशी येऊन थांबली. आपली दुसऱ्या टोकाला उभी. दोघीही पुढे येईनात.

"अहो, पूल दोन्ही सरकारांनी मिळून बांधला ना?" मी ओरडले.

"पुलाचं ठरलं, मॅडम. गाड्यांसाठी बैठका होऊन राहिल्या," तिकडचा ड्रायव्हर म्हणाला.

शेवटी मी आणि मामेभावानंच स्ट्रेचर उचललं. मधोमध दम घ्यायला थांबलो, तर मामांनी डोळे उघडले.

"काहून थांबली वं?"

"राज्य बदलून राहिलो, मामा."

"लवकर बदला. नाहीतर मी जगच सोडतो."