खिंडीतला हुंकार

ऐका. आणि गोष्ट चालू असताना हुंकार द्यायचा बरं का. "हं" म्हणणारं कुणी नसलं तर मी काय भिंतीशी बोलू? पण नुसताच देऊ नका. शिदबानं तसाच दिला होता.

शिदबा मेंढका. बायको हौसा बाळंतपणाला माहेरी, आणि सकाळी लेकीचं बारसं. गडी निघाला दिवस मावळल्यावर, तोही खिंडीच्या वाटेनं. खांद्यावर घोंगडं, हातात कंदील, उराशी लेकीचं अंगडं-टोपडं.

खिंडीत मागनं एक म्हातारा आला. त्याचे पाय वाजत नव्हते, पण शिदबाचं ध्यान कुठं! म्हातारा म्हणाला, वाट लांबची, मी गोष्ट सांगतो, तू हुंकार दे. सांगू लागला कुठल्या राजाची, कुठल्या राणीची. हा मनात बारशाच्या घुगऱ्या खातोय आणि तोंडानं हं, हं.

"मग त्यानं आपला कंदील मला दिला."

"हं."

अंधार गुडुप! वाऱ्यानं विझला म्हणावं, तर हातात कडीसुद्धा नाही. तरी गडी चालतोय, तरी हं. जरा वेळानं खांदा गार पडला. घोंगडं गेलं. उराशी चाचपलं, तर अंगडं-टोपडंही नाही. तेव्हा कुठं त्याचे कान उघडले.

"मग त्यानं आपली लेक मला दिली."

शिदबानं जीभ चावली. रक्त आलं, पण हं नाही. म्हातारा तेच पुन्हा म्हणाला. लाडानं म्हणाला, रडून म्हणाला. हुंकाराशिवाय गोष्ट पुढं सरकेना. मग अगदी हौसाच्या आवाजात कानाशी आला, "अवं, ऐकताय न्हवं?"

आता सांगा, याला घरोघरचे बाप्ये काय म्हणतात? ओठावर आलंच होतं! दोन्ही हातांनी तोंड दाबून शिदबा जो पळाला, तो वेशीच्या आत येऊनच पडला.

सकाळी पाळण्याशी त्याची बहीण उभी. नाव आत्यानंच कानात सांगायचं ना! तिनं विचारलं, दादा, नाव काय? शिदबा हौसाकडं बघायला लागला.

हौसा हळूच म्हणाली, "पोटात हुती तवापास्नं सांगत हुते. तुमी दर बारीला हं म्हणायचा."

शिदबा तिच्याजवळ जाऊन बसला. रात्रीपेक्षा आत्ता जास्त भ्याला होता.

"आता सांग," म्हणाला. "ऐकतोय."

ती वाट अजून आहे. त्या वाटेला कधी जाऊ नका. आणि माझ्या गोष्टीला हं म्हणायचं, तर काय ऐकलंत ते आधी सांगा.