मुरुगेसन ‘येतो’ म्हणाले

एका ‘येतो’मुळे आमची बारा वीणांची ऑर्डर जाता जाता वाचली, सांगतो ना! तंजावूरहून मी वीणा परदेशी पाठवतो. जर्मनीहून हन्नाबाई आल्या होत्या. बोलणी चालू असताना आमचे म्हातारे कारागीर मुरुगेसन उठले, पिशवी उचलली, तमिळमध्ये ‘वरेन’ म्हणाले आणि निघाले.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“येतो म्हणाले,” असं सांगून मी बँकेत गेलो.

दोन तासांनी परतलो तर बाई तिथेच, चेहरा लाल. “तुमचा माणूस अजून आला नाही! अशांना ऑर्डर कशी द्यायची?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “बाई, ते पापनाशमला घरी गेले. निघताना ‘जातो’ म्हणणं आमच्याकडे अशुभ. तमिळमध्येही आणि आमच्या मराठीतही ‘येतो’च म्हणतात.”

बाईंचा राग गेला, वही निघाली. “आणि खरंच लगेच परत येणार असतील तर?”

“तरीही ‘येतो’च.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

हा विचार मी जन्मात केला नव्हता. तरी म्हणालो, “पिशवी बघायची. पिशवी इथेच असेल तर माणूस परत येणार.”

बाईंनी ते आधी वहीत उतरवलं, मग ऑर्डरवर सही केली.