शिडी न चढलेले कॉड

हॅलो?… हो, ब्रॉन्विनच. मेरिडिथ, आवाज तुटतोय गं. बैठकीच्या हॉलबाहेर ये जरा… आता येतोय. बोल.

नाही, ट्रक निघाला नाही… क्लाइव्हचा काही दोष नाही, मीच थांबवलं त्याला. बसलाय बाहेर निलगिरीखाली, सॉसेज रोल खात… कारण आजचे कॉड मासे नदीत सोडायचे नाहीत, म्हणून… हो, एकही नाही.

अगं ऐक ना. आधी ऐक, मग ओरड.

पोटात तो वाजणारा टॅग घातलेले मासे खात नाहीयेत. जिवंत यॅबी कोळंब्या टाकल्या, वळवळत्या… नाकासमोरून गेल्या तरी ढिम्म. तळाशी पडून असतात, हौदाच्या भिंतीला टेकून. एकाच्या टाक्यांमधून तर टॅगचं टोक बाहेर आलंय… हो, पोटातून. तेच सांगतेय मघापासून.

…माझे टाके?

मेरिडिथ, मी तुझ्याच हाताखाली शिकले. पण बरं, माझे टाके वाईट समजू. मग शेजारचा हौद? त्यातल्यांनाही मीच कापलं, मीच शिवलं, फक्त आत टॅग ठेवला नाही. ते ठणठणीत आहेत. बोट बुडवलं तर चावायला येतात… नाही, पाणी एकच, एकाच पाइपातलं… हो, तेही बघितलं.

टॅग नियमात बसतो, माहितीय मला. माशाच्या वजनाच्या मानाने हलका आहे. पण बॅटरी जास्त टिकावी म्हणून आपण लांबडा टॅग घेतला ना? हाताएवढ्या माशाच्या पोटात ती कांडी मावणार कुठे? वळताना टोचत असेल त्याला… हो, हे मला वाटतंय. पण पुढचं वाटण्यातलं नाही. काल पंप लावून हौदात जोरात पाणी सोडलं. बिनटॅगचे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिले. टॅगवाले थोडे धडपडले आणि मागे जाळीला जाऊन लागले… सगळे, मेरिडिथ. पुन्हा करून बघितलं, तेच.

हॅलो? ऐकू येतंय?

मग मला सांग, गेल्या उन्हाळ्यातले वेगळे होते का? हाच टॅग, एवढ्याच आकाराचे मासे. कुठवर जातात ते कळावं म्हणून सोडले. बंधाऱ्यापर्यंत आले, तिथल्या माशांसाठीच्या शिडीच्या पायथ्याशी घुटमळले आणि परत फिरले. आपण लिहून मोकळ्या, कॉड शिडी चढत नाहीत. आज त्याच जोरावर तुझी ती बैठकीतली मंडळी शिडीचं पाणी तोडायला बसलीयत.

…'पुढच्या वर्षी दुरुस्त करू' म्हणजे? एकदा तोडलेलं पाणी परत देतात का कधी? मरे नदीवर तरी मी पाहिलं नाही.

काय?… मोठ्याने बोल.

…हो. गेल्या उन्हाळ्यातले सगळे तूच शिवले होतेस.

नाही गं, तुझा हात चुकला असं कुठे म्हणतेय मी?… किती जगले ते आपल्याला ठाऊकच नाही. टॅगचा आवाज येतोय म्हणजे मासा बरा आहे, असं धरलं आपण. मेला तरी टॅग वाजतोच तळाशी.

चिडलेय का म्हणून काय विचारतेस?

…तुझ्यावर नाही चिडलेय. म्हणजे, चिडलेय थोडी. सकाळपासून मी फोन लावतेय, तू कापतेस, आणि स्वतःहून केलास तो ट्रक कुठे राहिला विचारायला.

…बोलावतायत का आत? थांब म्हणावं जरा.

हे बघ, 'आणखी अभ्यासाची गरज आहे' असलं काही बोलू नकोस. माना डोलावतील आणि जेवायला उठतील. सरळ सांग, आमचे मासे धड नव्हते, त्यांच्यावरून शिडी बंद करू नका… हो, नाक कापलं जाईल. माझंही जाईलच की.

…खरंच बोलशील?

…बरं. पंपाचा व्हिडिओ पाठवते आत्ताच. जाळीला लागलेले स्वच्छ दिसतात… क्लाइव्हला घरी पाठवते. दुपारी एकेकाचे टॅग काढायला घेते… जगतील की नाही, ते नाही सांगता येणार. पुन्हा कापायचं म्हणजे…

जा आता, दार लावतील. पहिलं वाक्य शिडीचंच बोल. मग बाहेर येऊन मला काय शिव्या द्यायच्या त्या दे… हो. हो गं. ठेवते.