आतली मूठ

सासू: हात हलवू नकोस. बोटं वाकडी जुळली तर तुझी ती बहिरी पोरं म्हणतील, आमच्या बाई बोबड्या झाल्या.

सून: दुखतंय हो, आई.

सासू: दुखणारच. सत्तूर बसलाय, फुलाची छडी नाही. पाठ बसली म्हणून मोडण्यावर निभावलं. धार बसली असती तर बोटं वेचत बसलो असतो. तुझी ती शाळेतली लाकडी पट्टी दे इकडे.

सून: ती कशाला?

सासू: मोडायला. एक तुकडा वरून, एक खालून. बांधू का घट्ट? ओरड, काही लाज नाही.

मुलगा: आई, दार उघड. या थंड खोलीत मला कोंडतेस? बाहेर आलो की दोघींनाही सोलतो.

सासू: कोंडलंय कोणी? आतली मूठ फिरव आणि ये.

मुलगा: आतली मूठ तुटलीय. तुला माहीत आहे.

सासू: मला माहीत आहेच. वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, मूठ बसवून घे, एखाद दिवशी आत माणूस अडकेल. तू काय म्हणालास? अडकला तर नोकर अडकेल.

मुलगा: डोक्यातून रक्त येतंय माझ्या.

सासू: बर्फ तिथेच आहे. लाव. आणि बोकड बघ कसे मुकाट टांगून घेतात, शीक त्यांच्याकडून.

सून: उघडा हो, आई. अंगात नुसता सदरा आहे त्यांच्या.

सासू: तुझा हात मटण तोडायच्या ओंडक्यावर दाबून धरला, तेव्हा त्याने पाहिलं का तुझ्या अंगात काय आहे ते? काय म्हणत होता तो? मी वरून धावत येईपर्यंत निम्मंच ऐकलं.

सून: म्हणाले, हातांनीच बोलतेस ना, मग हातच ठेवत नाही. बघू परदेशात कोणाशी बोलतेस.

सासू: आणि तू?

सून: मी म्हटलं, गाडी येईल, बाकीचे शिक्षक बसलेत तिच्यात. तिथल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत मला धडा घेऊन दाखवायचाय. मग त्यांनी बॅग फाडली. मग मी हसले.

सासू: हसलीस?

सून: भीती वाटली की हसू येतं मला.

सासू: वाईट खोड. मला उचकी लागायची. तुझा सासरा म्हणायचा, मला वेडावतेस. आण ती बॅग. दाभण पुसून घेते, रक्त लागलंय. आतडं शिवणं परवडलं याच्यापेक्षा.

सून: तुम्ही माझ्यासाठी एवढं...

सासू: तुझ्यासाठी नाही. मी परवाही म्हटलं, आजही म्हणते, संसार टाकून सातासमुद्रापार कशाला मिरवायचं. पण या ओंडक्यावर जिवंत काही ठेवायचं नाही. माझ्या सासऱ्यापासूनचा नियम आहे दुकानाचा. मरेपर्यंत थांबायचं, मग ठेवायचं. याने बायकोचा हात ठेवला. म्हणून तराजूचं लोखंडी वजन हाताशी होतं ते घातलं टाळक्यात. धडपडत आत गेला तो त्याच्या पायांनी. मी फक्त दार लावलं.

मुलगा: आई, बोटं बधिर झालीत.

सासू: बरं झालं. दुखणार नाहीत.

सून: आई, त्यांच्या तळहातावर तो डाग आहे ना भाजल्याचा. कधी सांगत नाहीत.

सासू: काय सांगेल? लहान होता, गल्ल्यात हात घातला. मी विचारलं, कोणता हात? त्याने आपणहून पुढे केला. चिमटा तापलेला होताच.

सून: केवढा होता?

सासू: खरं बोलण्याएवढा.

सून: आई, राग येऊ देऊ नका. ते इथेच शिकले हे.

सासू: शाळेतलं शाळेत, मास्तरीणबाई. पाय उचल. दोरा तोडते, बॅग घे. उजवा हात शाबूत आहे ना? मग अर्धं बोल त्या पोरांशी. विमानतळावर डॉक्टर असेल, त्याला दाखव. जिन्यावरून पडले म्हणू नकोस.

सून: मग काय सांगू?

सासू: जे झालं ते. माझी अब्रू मी बघीन.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

सून: शब्द द्या, आई. मी गेल्यावर त्यांना काही करणार नाही.

सासू: तू गेल्यावर दार उघडीन. हा शब्द.

सून: एवढाच?

सासू: आजवर दिलेला प्रत्येक शब्द पाळलाय मी, म्हणून मोजून देते. नीघ. मागे बघू नकोस, पाय अडकतो.

सून: येते.

सासू: ये. मूठ बसवलेली असेल.

मुलगा: आई. गेली का ती?

सासू: गेली.

मुलगा: उघड ना आता. पायांना जमीन कळत नाही, गारठलेत.

सासू: आलेच. जरा ओंडका पुसत होते.

मुलगा: ओंडका कशाला आत्ता?

सासू: एवढा नियम होता, तो तूच मोडलास. आता एकदा काय न् दोनदा काय.

मुलगा: आई, मी चुकलो. नको ना.

सासू: उघडतेय रे. दिलाय शब्द. कोणता हात होता, बाळा?