उद्यापनाची घंटा

—तर तवा मी राजेश्वराच्या पिंडीपुढं हात जोडून बोलली, का बाप्पा, माह्या पियुषचं लग्न जुळेपर्यंत मी जेवताना तोंडातून एक शब्द काढणार नाई. ताटावर बसली का मौन, आचवून उठली का मंग बोलणं. असा नवस... नाई नाई, तू उठू नको, बस. तो पाट घे, फरशी गार लागते. सांभार, म्हणजे तुमची ती कोथिंबीर, निवडायचाच म्हणत असशीन तर निवड बाई, पण तुह्या बाबांनी पाहिलं तर म्हणतीन, पोरगी घर पाहायले आणली अन् या बाईनं तिले कामाले लावलं. कोवळ्या दांड्या राहू दे, वडीत चव त्यांचीच येते. आपल्याच मळ्यातला आहे. सारे तिकडंच गेले ना, बार्शीटाकळीच्या रोडनं, तुह्या बाबांले अन् मामांले मळा दाखवायले. झेंडू दाखवतीन, पालक दाखवतीन, मंग विहीर दाखवतीन. विहिरीत काय पाहायचं असते ते मले आजलोक समजलं नाई, पण माणसं वाकून पाहतात अन् ‘वा’ म्हणतात. तू नाई गेली ते बरं झालं. पियुष तुह्याकडं पाहत होता, का ही येते का काय— पण त्यानं तोंडानं म्हटलं का, चल म्हणून? नाई म्हटलं. तो कधीच म्हणत नाई.

आमच्या यांनी मले काल बजावून ठेवलं, का पोरगी आली का तू जास्त बोलू नको. म्हणून मी जास्त बोलणार नाई. एवढं मौनाचं सांगते अन् चूप बसते. काहून बजावलं म्हणते? आता तुह्यापासून काय लपवायचं— तुह्या आधी एक सोयरीक आली होती वाशीमकडची. सारं जुळत आलं होतं. फराळ झाला, फोटो झाले, अन् चार दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून निरोप आला: पोरगा ठीक, घर ठीक, सासू लय बोलते. आता मी काय बोलली होती? एवढंच, का आजकालच्या पोरापोरींले पाय गुडघ्यापर्यंतच राहिले आहेत. नमस्काराले वाकतात अन् गुडघ्याले हात लावून उभे होतात, जसं काही डॉक्टर वाटी तपासून राहिला. अन् असंही म्हटलं, का वरातीत गाणं वाजवा, पण असं वाजवा का नवरदेवाच्या छातीत दुखू नये. अन् लग्नाच्या आधीच चिखलदऱ्याले जाऊन दरीच्या काठावर एकमेकाच्या गळ्यात पडून फोटो काढायचे, तर मंग लग्नात नवं काय राहिलं? बस. यात वाईट बोलली का मी? त्या पोरीची आत्या फोटोवाली होती, हे मले कोणी सांगितलंच नाई.

तर सोयरीक गेली. यांनी काही म्हटलं नाई— म्हणजे एवढंच म्हटलं, ‘झालं समाधान?’— अन् पियुष तर जेवला अन् उठला. मले लय लागलं ते. मी म्हटलं, माह्याच तोंडानं गेलं ना, तर तोंडच देते देवाले. व्रतात आपल्याले आवडते ते सोडायचं असते बाई. आमच्या बाजूची रागिणी दर चातुर्मासात कारलं सोडते. कारलं! जे तिनं उभ्या जन्मात खाल्लं नाई. देव काय एवढा भोळा आहे का? मी वांगं सोडलं असतं तर माह्या जिवाले काय झालं असतं, दुसरी भाजी खाल्ली असती. पण बोलणं... अन् तेही जेवतानाचं. दिवसभर कोण असते घरात? हे मळ्यात, पियुष त्याच्या बियाण्याच्या कंपनीत. सारे एका जागी येतात ते ताटावरच. तेवढाच माहा हाट-बाजार होता. तोच दिला मी.

अन् मौन काही मले नवं नव्हतं. माही माय दर चातुर्मासात धरायची. तिचं मौन म्हणजे आमच्या घरचा तमाशा होता. तिनं दोन बोटांची चिमूट केली का मीठ. मूठ वळून अंगठा तोंडाकडं नेला का ताक. अन् डोळे मोठे करून माह्या बाबाकडं पाहिलं, का समजायचं, खाली सांडून राहिले. आम्ही भावंडं ताटावर बसल्या-बसल्या ओळखायचो— ‘चटणी! नाई, लोणचं! नाई, किशोरले मार म्हणते!’— अन् ती हसू दाबून दाबून लालबुंद. मौन तिचं एकटीचं, पण घर दुप्पट बोलायचं. मले वाटलं, माह्या घरीही तसंच होईन. खरंच वाटलं. पहिल्या दिवशी मी आरशापुढं खुणा करून पाहिल्या, हसू नको.

मंग बसली ताटावर. पियुषच्या डाव्या हातात फोन, उजव्या हातात घास. हे टीव्हीकडं तोंड करून— तिथं सहा जण एका वेळी ओरडून राहिले होते, त्यांच्यातल्या एकाले जरी त्याच्या मायनं मौन शिकवलं असतं तर देशाचं कल्याण झालं असतं. मी मुद्दाम वरणात मीठ कमी टाकलं होतं. मंग पियुषपुढं चिमूट केली. अशी. त्यानं न पाहता हात मागं नेला, अन् काय दिलं माह्या हातात? चार्जर.

हसली! बरं वाटलं. आली तवापासून पहिल्यांदा हसली तू... हो वो, चार्जर. मी तो ताटाजवळ ठेवून आळणी वरण खाल्लं. म्हटलं, आज पहिला दिवस आहे, उद्या समजंन. उद्याही नाई समजलं. मंग होळी झाली, अखजी झाली, पोळा झाला, महालक्ष्म्या बसल्या अन् उठल्या, फिरून दुसरी होळी आली— कोणी विचारलं नाई, का तू काहून बोलत नाई. अंगाले मुंग्या आल्यासारखं व्हायचं पहिले-पहिले. आज काय झालं ते सांगायचं असायचं— का बाजूच्या मांजरीनं आपल्या कुलरमागं पिल्लं दिली, का भाजीवाला म्हणते, सांभार तुमच्याच मळ्यातला आहे अन् मलेच विकून राहिला— ते सारं भातासंगं गिळायचं. अन् आचवल्यावर सांगावं, तर तवर कोणी जागेवर राहते का? एक इकडं गेला, एक तिकडं.

तुहा फोन वाजला. पाहा ना, पाहा, मी काही त्यातली नाई. नाई पाहत? ... अन् उलटा ठेवला? बरं. ठेव. माह्यावर उपकार केल्यासारखं नको वाटू दे, पण ठेव.

आमचे हे तर सकाळी ओसरीत बसून मले फोनवर ‘शुभ सकाळ’ पाठवतात. गुलाबाच्या फुलासंगं. मी इथं, ओट्यापाशी, चहा गाळून राहिली असते त्यांच्यासाठीच! अन् स्वतः फुलं पिकवणारा माणूस, मळ्यात ट्रॉली भरून झेंडू, मले फूल कोणतं पाठवते? फोनमधलं. ज्याच्या पाकळ्या आपोआप उघडतात. मी म्हटलं, एखादं खरं आणा ना देवाले, तर म्हणतात, बाजाराचा माल आहे. असं आहे. पण माणूस वाईट नाई हो. लय चांगले आहेत. वांग्याच्या भाजीले नाव ठेवत नाईत, कोणाच्या घरी गेले तर हात राखून जेवतात. फक्त त्यांच्या हे ध्यानात येत नाई, का माणूस समोर आहे.

मंग एकदा काय झालं सांगू? नको सांगू? सांगते. यांचे दोस्त आहेत, सूर्यभान भाऊ. त्यांच्या घरी सुनेचं-सासूचं रोज काही ना काही. तर हे फोनवर त्यांले म्हणून राहिले— मी कपडे वाळू घालत होती, मले ऐकू आलं— ‘आपल्या घरी तर देवाची कृपा आहे गड्या, दीड-दोन वर्षांपासून कशी शांती आहे. जेवायले बसलं का सुखानं घास जाते.’ ऐकलं का? शांती! मी घास घास आवंढा गिळून राहिली अन् त्याचं श्रेय गेलं देवाले. त्या दिवशी मी देवाशीही बोलली नाई. दिवा लावला, अगरबत्ती लावली, पण बोलली नाई. पाहा म्हटलं तुमी आता, कसं वाटते ते.

अन् त्याच दिवशी माह्या हातून नवस मोडला. म्हणजे मीच मोडून पाहिला. ताटावर बसली अन् हळूच म्हटलं, ‘मीठ.’ एवढाच शब्द. मले वाटलं, का आता सारे दचकतीन, म्हणतीन, अगं तू बोलली! ... कोणी वर पाहिलं नाई. पियुषचा अंगठा चालू, यांचा टीव्ही चालू. तो शब्द माह्याच वाटीत पडला. मंग मीच उठली अन् मीठ घेतलं. दुसऱ्या दिवशी निर्जळी करून देवाची माफी मागितली, कारण त्यानं तर ऐकलंच असंन. घरच्यांनी नाई ऐकलं.

तेल तापलं का पाहू दे. हां, सोडते एक. कशी फुलली पाहा. ... माह्या डोळ्यात पाणी? ते दुसरं काही नाई, मिरचीचं आहे. तिखट जास्त झालं वाटते. हास, हास, मीही हसतेच. रडून व्रतं होत नाईत, तोंड वाकडं करून केलेलं देवाले पोहोचत नाई असं माही माय म्हणायची. मी काय आस सोडणारी बाई आहे का? मी तर घंटाही आणून ठेवली. ती पाहा, देवघराच्या खुंटीले, पितळेची. मौनाच्या उद्यापनाले घंटा दान करावी लागते देवळात. आपण गप्प होतो ना, मंग आपल्या वाटचा आवाज देवाच्या दारी टांगायचा. भांड्याच्या गल्लीत गेली, दहा वाजवून पाहिल्या, दुकानदार म्हणते, ‘काकू, घ्यायची आहे का शाळा भरवायची आहे?’ मंग हिचा आवाज आवडला. लग्न नाई, सोयरीक नाई, अन् घंटा तयार! यांनी पाहिली अन् म्हणतात, ‘छान दिसते.’ कशासाठी, ते विचारलं नाई.

काय म्हटलं? ... आज?

आज म्हणजे... हो व माय. आज तुह्ये बाबा ताटावर बसतीन, मामा बसतीन, अन् मी... मी बोलणारच नाई. नवस आहे ना. ते म्हणतीन, ‘ताई, वड्या छान झाल्या’ अन् मी मान डोलावणार. म्हणतीन, ‘ताई, तुमी कुठल्या?’ अन् मी बोटानं कोणतं गाव दाखवू? अरे देवा. हे माह्या डोक्यातच आलं नाई. एकदा लय बोलली म्हणून गेलं, आता बोलली नाई म्हणून जाईन. तुह्ये बाबा घरी जाऊन म्हणतीन, बाई आखडू आहे, पाहुण्यांशी दोन शब्द बोलली नाई. अन् यांच्या-पियुषच्या तोंडून तर निघणार नाई, का हिचं व्रत आहे. त्यांले माहीतच नाई ना!

नाई. ऐक. तू आता जे म्हणून राहिली ते म्हणू नको. तुह्या तोंडावर आलं आहे, मले दिसते, पण नको. तू आत्ता हो म्हटलं तर माहा नवस इथंच, या कढईपाशी सुटते, अन् मी जेवताना तुह्या बाबांशी मन भरून बोलू शकते, हे सारं खरं. पण एका बाईच्या मौनापायी कोणी हो म्हणावं का? साऱ्या जन्माचं जेवण आहे पोरी. माह्या ताटाचं मी पाहते. तू तुह्या ताटाचं पाहा.

आता सारं सांगितलंच आहे तर हेही ऐक, ओसरीतला सोफा आमचा नाई. रागिणीकडून आणला, संध्याकाळी जाते परत. अन् पियुष पालीले भेते, ओरडते अगदी. बाकी पोरगं सोन्यासारखं आहे. दारू नाई, खर्रा नाई, मांजरीच्या पिल्लांले थंडीत स्वतःचा टी-शर्ट नेऊन दिला त्यानं, मी पाहिलं चोरून. म्हणून तर वाटते, का त्याले दिसत असंन. सारं दिसत असंन, फक्त विचारायची सवय राहिली नाई. माह्या मनाले असंच वाटत राहते. मायचं मन आहे, त्यावर तू जाऊ नको.

गाडीचा आवाज आला ना? आपलीच आहे, हॉर्न तसाच रडका आहे. ती वडी कागदावर काढ, तेल निथळू दे. अन् एक काम करशीन माहं? आज ताटावर तूही मौन धर. माह्यासारखं. फक्त आजच्या दिवस, पहिल्या घासापासून आचवेपर्यंत. माह्या समोर बस, मी चिमूट केली का मीठ, अंगठा केला का ताक, चुकली तर चुकली. आपण दोघी खुणा करू. अन् पाहा, कोणाच्या ध्यानात येते. पियुषनं घास थांबवला, वर पाहिलं अन् विचारलं, का ‘तुमी दोघी बोलत काहून नाई?’— तर घरी जाऊन त्याचा विचार कर. अन् नाई विचारलं, तर... तर कुणाच्या भिडेत पडू नको. घंटा काय, पितळेची आहे, अजून वाट पाहीन.

मीठ मी वरणात कमीच टाकलं आहे. आले ते. पाय धुऊन राहिले. पदर पडला का माहा? बरं. ताटं घे.

आता चूप.