नऊवर कोण?

शेगुलाबाई : कळ आली की माझ्याबरोबर मोजायचं, अंबू. एक...

अंबू : मोजणार न्हाय मी.

शेगुलाबाई : श्वास कोंडू नकोस गं. कॅम्पातल्या दवाखान्यात मी सगळ्याच बाळंतिणींना मोजायला लावते.

बायाक्का : माझ्या सुनेला नका लावू, बाई. आमच्या वडगावात पोटातलं मोजत न्हाईत. ही मागावर बसून दिस मोजायची, ताण्याचे धागे मोजल्यागत. दोन पोरं झाली. रडलीच न्हाईत, तशीच गेली.

अंबू : माझ्याच तोंडानं गेली.

शेगुलाबाई : मग तुझं काही मोजू नकोस. आम्हा इस्रायलांत, यहुद्यांत, वल्हांडणाच्या सणाला जेवणं झाली की एक मोजणी गातात. तिच्यात प्रत्येक आकड्याचा धनी ठरलेला. एक देवाचा. दोन त्याच्या हुकमांच्या दगडी पाट्या. तीन आमच्या कुळाचे मूळ बाप. चार आया.

बायाक्का : बापांपरास आया जास्त?

शेगुलाबाई : एकाला दोघी होत्या.

बायाक्का : आमच्या पाटलागत!

अंबू : आई गं...

शेगुलाबाई : सोड श्वास. पाच धर्मग्रंथ. सहा शिकवणीचे भाग. सात...

अंबू : वार.

शेगुलाबाई : शाब्बास! कुणी सांगितलं?

अंबू : सातावर दुसरं कोण बसंल?

शेगुलाबाई : आठव्या दिवशी मुलग्याची सुंता.

अंबू : आन् नऊवर?

शेगुलाबाई : तू.

अंबू : चेष्टा नको, बाई.

शेगुलाबाई : बाईचे नऊ महिने. तसंच गातात.

अंबू : देवापासनं निघायचं... ग्रंथ, वार... आन् त्या वळीत आमचं पोट?

शेगुलाबाई : हो. दहा आज्ञा त्याच्यानंतर.

बायाक्का : हुकमाच्या आधी पोट! अगं बया...

अंबू : म्हंजे मी मोजायच्या आधीच कुणीतरी मोजलंय?

शेगुलाबाई : तुझ्या पणजीच्याही आधी.

अंबू : मग माझ्या मोजण्यानं... न्हाय गेली ती?

शेगुलाबाई : नाही गं, माझे बाय. आता जोर लाव.

अंबू : एक. दोन. तीन. चार... पाच... सहा, सात, आठ... नऊ!

(मूल बाहेर येतं. शेगुलाबाई त्याला पालथं घेते.)

बायाक्का : बाई, गप का हाय ते?

शेगुलाबाई : थांबा. पाठ चोळतेय.

अंबू : दहा आज्ञा. अकरा?

शेगुलाबाई : आमच्या ग्रंथातल्या एका स्वप्नातले तारे.

अंबू : बारा?

शेगुलाबाई : आमचे वंश. मिशनच्या बायका म्हणतात, येशूचे शिष्य.

अंबू : तेरा? बाई, तेरा कोण?

शेगुलाबाई : अंबू, ऐक.

बायाक्का : रडली! पोरगी हाय, पोरगी! केवढा गं तुझा आवाज... गप, गप माझी बाय...

अंबू : आत्याबाई, गप करू नका तिला.