नऊ नंबरच्या बोअरची हाक

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आईनं मला दोनदा बजावलंय. कारण गोष्टीची सुरुवात माझ्या चोरीपासून होते. पण आज वीज गेलीय, तुम्ही सगळ्या ओट्यावर जमलात आणि टेकडीकडं कोणी बघतही नाहीये. म्हणून सांगते. ऐका, आणि मधे हसू नका.

आपल्या टेकडीत तांबं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तांब्याचा गडवा बरेच दिवस घासला नाही की त्यावर हिरवं चढतं ना, तसेच हिरवे डाग नाल्यातल्या दगडांवर आहेत. फार जुन्या काळी कोणीतरी तिथं खड्डे खणले. कोण होते, कुठं गेले, कोणालाच माहीत नाही. खड्डे राहिले, त्यात पाणी साचलं.

मग माझ्या जन्माआधी सरकारी सर्वेवाले आले. आधी त्यांनी नाल्याची रेती पुड्यांत भरून नेली, मग चर खणले, मग मशीन आणून चौदा बोअर पाडले. बोअरमधून दगड निघतो तो लाटण्यासारखा, गोल आणि लांब. तो लाकडी पेट्यांत ओळीनं ठेवायचा. किती खोलीवरचा, ते शेजारी लिहायचं. तेरा बोअरमध्ये नुसता काळा दगड आणि गारगोटी. फक्त नऊ नंबरला, एकशे सतरा मीटरवर, वीतभर पिवळा धमक दगड लागला. तेच तांबं, दगडात असताना ते असंच पिवळं दिसतं. पण वीतभरच. सर्वेवाले निघून गेले.

मागं राहिली पेट्यांची शेड आणि तिचे चौकीदार, माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. डोमाजी. अकरा वर्षं ते टेकडीवर एकटे राहिले.

आणि लोबिन राहिला. लोबिन मशीन चालवायचा. लांबून, झारखंडकडून आलेला. मोठे बाबा त्याच्या हाताखाली होते. त्यांनीच त्याला मराठी आकडे शिकवले. नऊ नंबरचा बोअर संपला त्याच आठवड्यात लोबिन तापानं गेला. कागदावर गावाचं नाव होतं, पण कळवूनही कोणी आलं नाही. मोठ्या बाबांनीच नाल्याकाठी त्याला अग्नी दिला.

आता एक रीत नीट ऐका, सगळं तिच्यावरच आहे. मशीनवाला खोलीचा आकडा ओरडायचा आणि खालच्या माणसानं, म्हणजे मोठ्या बाबांनी, तोच आकडा परत ओरडायचा. दोन्ही जुळले तर काम पुढं. नाही जुळले तर काम थांबवून सगळ्या लोखंडी नळ्या पहिल्यापासून मोजायच्या. एक नळी तीन मीटरची.

मी सहा वर्षांची असताना मोठ्या बाबांना डबा द्यायला आईबरोबर शेडमध्ये गेले होते. पेटीतला तो पिवळा दगड मला फार आवडला. भातुकलीतलं लाटणं म्हणून मी तो फ्रॉकमध्ये लपवून आणला. महिन्याभरानं मोठे बाबा सणाला घरी आले आणि निरोप आला, सकाळी साहेब पेट्या बघायला येणार. त्याच संध्याकाळी आईला माझ्या खेळण्यात तो दगड सापडला. मोठे बाबा मला रागावले नाहीत. दगड खिशात टाकला, बॅटरी घेतली आणि अंधारातच निघाले. चौकीदाराच्या पेटीतून तोच तुकडा गेला, असं त्यांना कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मोहाच्या झाडापाशी मागून आवाज आला, "नव्वद."

मोठ्या बाबांच्या तोंडून आपोआप गेलं, "नव्वद." मशीनवरची जुनी सवय. विचार केलाच नाही.

बॅटरी मंदावली. थोडं चालले. "त्र्याण्णव." हेही म्हणाले, "त्र्याण्णव." आणि बघतात तर पुन्हा तेच मोहाचं झाड. शहाण्णवला बॅटरी विझली. नव्याण्णवला वाट उताराला लागली. शेडची वाट चढाची आहे, बरं का. खिशातला दगड जड होत चालला. एकशे आठला पायाला गार पाणी लागलं. थांबावंसं वाटे, पण हाक आली की उत्तर जाई आणि उत्तर गेलं की पाऊल पुढं पडे. एकशे चौदाला पाणी कमरेपर्यंत आलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण जुन्या खड्ड्यात आहोत. एकशे सतराला पाणी गळ्याशी आलं आणि खिशातला दगड खाली ओढू लागला.

बोअर एकशे वीसला संपला होता, हे मोठ्या बाबांना ठाऊक होतं. पुढचं पाऊल शेवटचं.

"एकशे वीस," आवाज आला. अगदी जवळून. दमलेला.

मोठे बाबा म्हणाले, "एकशे सतरा."

या वेळी पाऊल पुढं पडलं नाही. मग आवाज म्हणाला, "चुकलं का गा डोमाजी? मोजून घेऊ."

आणि अंधारात लोखंडावर लोखंड वाजलं. एक. दोन. तीन. मोठे बाबा मुळ्या धरून वर आले आणि पळत सुटले ते थेट घरी. दगड खिशातच राहिला, सकाळीही ते शेडकडं गेले नाहीत. सकाळी साहेबांनी पेटीत त्या जागी लाकडाचा तुकडा ठेवला, वहीत लिहिलं, नमुना नाही. आठवड्यानं शेडची किल्ली दुसऱ्याकडं गेली.

तेव्हापासून मोठे बाबा अंगणात बाजेवर झोपतात. झोपतात म्हणजे, कान देऊन पडून असतात. मी एकदा विचारलं. म्हणाले, "अजून मोजते तो. चाळीस नळ्या होतात, बरोबर होतात. मग विचारते, किती गा डोमाजी? अन् कोणी बोलत नाही."

मी म्हटलं, तुम्ही वाचलात ना. ते म्हणाले, "वाचलो. पण त्याचं तिथं दुसरं कोणी नव्हतं, आचल. अन् मी त्याला खोटं सांगितलं."

तो दगड आमच्या कोनाड्यात असतो. त्याला मी परत कधी हात लावला नाही. म्हणून सांगते, मोहाच्या झाडाकडून जाणाऱ्या वाटेनं रात्री कोणी जाऊ नका. आणि गेलातच, तर कुठलाही आकडा ऐकू आला तरी तोंडातून शब्द... थांबा, आई हाक मारतेय.

"आचल! अगं आचल, इकडं ये लवकर. मोठे बाबा तुमच्याकडं आले का? बाज रिकामी आहे. आणि कोनाड्यातला दगड कोणी नेला?"